सत्कार झाला, अधिकाराचं काय?

मे महिन्यात आरोग्य खात्याच्या दिनदर्शिकेवर आठवड्याच्या अंतराने दोन तारखा येतात. ५ मे हा आंतरराष्ट्रीय प्रसाविका दिन आणि १२ मे, म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्मदिवस, हा परिचारिका दिन. पहिला कधी आला नि कधी गेला हे आपल्याकडे बाळंतपणं करणाऱ्या सिस्टरलाही कळत नाही. दुसऱ्याचा मात्र थाट असतो. रुग्णालयाच्या दारात रांगोळी, नाइटिंगेलच्या तसबिरीला हार, हातात मेणबत्त्या घेऊन शपथ आणि मग पाहुण्यांचं भाषण. त्या भाषणात सेवा, त्याग, ममता आणि माता हे चार शब्द हटकून येतात. रिक्त पदं हा विषय सहसा येत नाही. चहा-सामोसा झाला की पाहुणे गाडीत बसतात आणि सिस्टर रात्रपाळीला जातात.

अलीकडे या सोहळ्यांत आणखी एका प्रकाराची भर पडली आहे. ८ मार्चच्या आगेमागे सुरू होऊन मे महिन्यापर्यंत चालणारे ‘महिला आरोग्यातील उदयोन्मुख नेतृत्व’ या नावाचे सन्मान. मोठ्या शहरातल्या हॉटेलचं सभागृह, पाठीमागे प्रायोजकांच्या चिन्हांनी भरलेला पडदा, काचेचं स्मृतिचिन्ह. सन्मानित होणाऱ्या बहुतेक तरुण स्त्रीरोगतज्ज्ञ, वंध्यत्वावरच्या केंद्रांच्या संचालिका, क्वचित एखादी संशोधक. त्यांच्या कामाबद्दल आकस असण्याचं कारण नाही. त्यांतल्या अनेकींनी ते यश कष्टाने मिळवलेलं आहे. पण अशा काही पुरस्कारांना अर्जासोबत शुल्कही भरावं लागतं, ही गोष्ट वैद्यकीय वर्तुळात कुणापासून लपलेली नाही. मुद्दा शुल्काचाही नाही. स्त्रियांच्या आरोग्यात पुढे येणारी बाई ओळखायची म्हणजे नेमकं काय करायचं, याचा विचार आपण किती करतो, हा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक अहवाल काढला होता. जगभरच्या आरोग्य सेवेतल्या मनुष्यबळात सुमारे ७० टक्के स्त्रिया आहेत आणि वरिष्ठ पदांवर त्यांचं प्रमाण जेमतेम २५ टक्के, असं त्यात म्हटलं होतं. आपल्या जिल्हा रुग्णालयात एक फेरी मारली तर हे समजायला अहवालाची गरज पडत नाही. म्हणून या आठवड्यात कुणाकुणाचा गौरव व्हावा याची यादी देण्याऐवजी आधी गौरव कशाला म्हणायचं हे ठरवावं, असं आम्हाला वाटतं. आमचं म्हणणं साधं आहे. जिच्यात पुढे जायची धमक दिसते तिच्या हाती काहीतरी सोपवणं, म्हणजे वॉर्ड, इंजेक्शन, निर्णय किंवा पगार, हीच तिची खरी ओळख. बाकीचा समारंभ झाला तर उत्तम, न झाला तरी बिघडत नाही.

याचं आपल्याकडचं सर्वांत जुनं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, फक्त त्याचा हा भाग कुणी फारसा सांगत नाही. आनंदीबाई जोशी म्हटलं की नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, दहा दिवसांत दगावलेलं मूल, पती गोपाळरावांचा हट्ट, आगबोटीचा प्रवास आणि मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियात मिळालेली पदवी एवढं आपण घोकलेलं असतं. त्या काळीही त्यांच्यावर कौतुकाचा वर्षाव झाला, शिव्याशापही झाले. या गदारोळात कोल्हापूर संस्थानाने केलेली गोष्ट वेगळी होती. आनंदीबाई अजून अमेरिकेतच असताना संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्रियांच्या विभागाची प्रमुख नेमलं. मानपत्र नाही, नेमणूकपत्र. एकवीस वर्षांच्या, एकही दिवस स्वतंत्रपणे काम न केलेल्या मुलीच्या ताब्यात अख्खा विभाग द्यायला तयार होणं, हे धाडस त्या काळातल्या कुठल्याही अग्रलेखापेक्षा मोठं होतं. आनंदीबाई त्या खुर्चीवर बसल्याच नाहीत. क्षयाने खंगून २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या पुण्यात गेल्या. पण जागा तयार झाली होती. पुढे शाहू महाराजांच्या काळात डॉ. कृष्णाबाई केळवकर त्याच रुग्णालयात रुजू झाल्या.

दुसरं नाव तितकं परिचित नाही. डॉ. जेरुशा झिराड या बेने इस्रायल समाजातल्या, म्हणजे कोकणातून आलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या ज्यू कुटुंबातल्या. लंडनहून स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्रातली एम.डी. घेऊन आल्या तरी मुंबईच्या कामा रुग्णालयाची सूत्रं त्यांच्या हाती यायला १९२८ साल उजाडलं. तोवर ती खुर्ची परदेशी डॉक्टर बायांची होती. झिराड या पहिल्या भारतीय प्रमुख. एकदा सूत्रं हाती आल्यावर त्यांनी काय केलं हे पाहण्यासारखं आहे. मुंबईत बाळंतपणात बायका का मरतात, या प्रश्नाचा त्यांनी पद्धतशीर माग काढला आणि त्याचा अहवाल १९४१ मध्ये सरकारने छापला. आज प्रत्येक मातामृत्यूची चौकशी होते, कारणांची नोंद होते, जिल्हाधिकाऱ्यांसमोर ती फाइल जाते. हा रिवाज आपल्याला आता सवयीचा वाटतो. त्या काळी एखादी बाई बाळंतपणात गेली तर नशिबाला बोल लावून लोक मोकळे होत. प्रश्न विचारायला अधिकार लागतो. अधिकार नसलेल्या बाईने विचारलेल्या प्रश्नाला गाऱ्हाणं म्हणतात.

गडचिरोलीत मात्र प्रश्न आधी आला. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८०च्या दशकाच्या मध्याला तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली, त्या वेळी ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे गरोदरपण आणि नसबंदी एवढाच सरकारी हिशेब होता. बाई गरोदर नसते तेव्हाही तिला शरीर असतं, हे कुठल्या तक्त्यात बसत नव्हतं. राणीताईंनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्या अभ्यासाचे आकडे आजही वाचताना थांबायला होतं. ९२ टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग होतं. आणि त्याआधी आयुष्यात कधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या अवघ्या ८ टक्के. अंगावरून पांढरं जाणं, पाळीचा त्रास, कंबरदुखी हे सगळं बायांनी ‘बाईच्या जन्माला आलेलं’ म्हणून गृहीत धरलेलं होतं. डॉक्टरने विचारलं नव्हतं आणि आपणहून सांगायची रीत नव्हती. जगभरच्या आरोग्य धोरणात प्रजनन आरोग्याचा विषय पुढे ज्या जोराने आला, त्यामागे या दोन गावांतल्या बायकांचा वाटा मोठा आहे.

पण इथे सांगायचं आहे ते त्यानंतरच्या कामाबद्दल. गडचिरोलीतल्या अभ्यासाच्या गावांत हजारामागे ६२ नवजात बाळं महिन्याच्या आत दगावत होती. दवाखाना दूर, रस्ता नाही, आणि बाळंतीण व बाळ घराबाहेर काढायचं नाही ही पद्धत. ‘सर्च’ने ३९ गावांत गावातलीच एकेक बाई निवडली, पाचवी ते दहावी शिकलेली. तिचं नाव आरोग्यदूत. तिला बाळाचं वजन करायला, श्वास मोजायला, अंग थंड पडलंय का पाहायला, श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास द्यायला शिकवलं. आणि एक गोष्ट शिकवली जी ऐकून शहरातले बालरोगतज्ज्ञ हादरले. बाळाला जंतुसंसर्ग झाल्याची ठरलेली लक्षणं दिसली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन तिने स्वतः द्यायचं.

कल्पना करा. झोपडीत अंधार, बाहेर पाऊस, आठ दिवसांचं बाळ दूध ओढत नाही, रडणं मंद झालंय. आजी म्हणतेय, बाहेरचं काही लागलंय. आणि गावातली सातवी शिकलेली बाई घड्याळ समोर धरून बाळाच्या छातीची हालचाल मोजते, यादीतली लक्षणं जुळवते, आई-बापाला समजावून सांगते, त्यांची संमती घेते आणि सुई भरते. या एका कृतीत किती विश्वास साठलेला आहे! शिकवणाऱ्या डॉक्टरचा तिच्यावर, आईचा तिच्यावर, तिचा स्वतःवर. तीन वर्षांत नवजात मृत्यूंचं प्रमाण त्या गावांत हजारी २५ च्या आसपास उतरलं. तुलनेसाठी घेतलेल्या गावांशी ताडून पाहिलं तर घट ६२ टक्क्यांची. डिसेंबर १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ने छापले.

सरकारने ही पद्धत उचलली ही समाधानाची गोष्ट. २०११ पासून आशा स्वयंसेविकांमार्फत ‘घरोघरी नवजात बालकाची काळजी’ देशभर सुरू झाली. गडचिरोलीची वजनाची झोळी आली, थर्मामीटर आला, श्वास मोजायचं घड्याळ आलं, भेटींचं वेळापत्रक आलं. इंजेक्शन तेवढं आलं नाही. आशाने लक्षणं ओळखायची आणि बाळ वर पाठवायचं, असं ठरलं. दहा लाख बायकांच्या हाती सुई देताना प्रशिक्षणाचा दर्जा कसा राखायचा, चुकलं तर जबाबदार कोण, हे प्रश्न खोटे नव्हते. सावधगिरीलाही कारण होतं. तरीही योजनेतून नेमका कोणता भाग गळला हे नजरेआड करता येत नाही. काम सगळं आलं. अधिकार मागे राहिला. आपल्याकडे बायकांनी उभ्या केलेल्या कामाचं सरकारीकरण होताना हे वारंवार घडतं, आणि ते इतकं सवयीचं झालंय की कुणाला खटकतही नाही.

याच्या उलट काय होऊ शकतं ते मुंबईतल्या वस्त्यांनी दाखवलं आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग हा असा आजार, की जो वेळेत कळला तर बाई वाचते आणि कळेपर्यंत थांबलं तर सहसा वाचत नाही. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायकांचा एक दीर्घ अभ्यास चालवला. तपासणीचं तंत्र असं: गर्भाशयमुखाला चार टक्के ॲसेटिक ॲसिड, म्हणजे जवळपास स्वयंपाकघरातलं व्हिनेगर, लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा चट्टा उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहायचं. प्रयोगशाळा नको, सूक्ष्मदर्शक नको. ही तपासणी करणाऱ्या होत्या दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक आरोग्यसेविका. त्यांच्या निदानाची तज्ज्ञांच्या निदानाशी पडताळणी होत राहिली आणि त्या कमी पडल्या नाहीत. बारा वर्षांनंतर हिशेब मांडला तेव्हा तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी भरले. चाळीतल्या एका खोलीत पडदा लावून, शेजारच्या बायकांना ‘अगं, पाच मिनिटांचं काम आहे, चल’ म्हणत आणणाऱ्या या बायकांची नावं कुठल्या शोधनिबंधाच्या मथळ्याखाली नाहीत. तिथे डॉक्टरांची आहेत, आणि ती असायलाच हवीत. पण निदान केलं होतं यांनी.

इतकं स्वस्त, इतकं सिद्ध झालेलं तंत्र हाती असताना पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तिशी ते पन्नाशीतल्या भारतीय बायकांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधीही झालेल्या निघाल्या १.९ टक्के. शंभरात दोघीही नाहीत. कारणं बरीच आहेत. त्यांत एक हेही आहे, की तपासणीचं कौशल्य कुणाच्या हाती द्यायचं याचा निर्णय होत नाही. डॉक्टरला वेळ नसतो आणि सिस्टरला अधिकार नसतो.

आता आशांकडे यायला हवं. मे २०२२ मध्ये जिनिव्हात जागतिक आरोग्य सभेत भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांना जागतिक आरोग्य संघटनेचा ‘ग्लोबल हेल्थ लीडर्स’ पुरस्कार जाहीर झाला. नीट वाचा, नेतृत्वाचा पुरस्कार. त्याच्या आदल्याच वर्षी ओडिशाच्या सुंदरगड जिल्ह्यातल्या आशा मातिल्दा कुल्लू ‘फोर्ब्स इंडिया’च्या कर्तबगार महिलांच्या यादीत झळकल्या होत्या. पंतप्रधानांपासून सरपंचांपर्यंत सगळ्यांनी अभिनंदन केलं. गावोगावी पुष्पगुच्छ दिले गेले. आणि २०२३ च्या अखेरीस महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या. मानधनवाढीची घोषणा झाली, पण शासन निर्णय काही निघेना. मग २०२४ च्या सुरुवातीला त्यांना पुन्हा संप करावा लागला, आझाद मैदानात जाऊन बसावं लागलं. जगाने नेता म्हटलेल्या बाईला राज्य अजून कर्मचारी म्हणायला तयार नाही. ती स्वयंसेविका. तिला मिळतो तो मोबदला. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने योजना कर्मचाऱ्यांना कामगार मानावं, किमान वेतन द्यावं अशी शिफारस केली, त्यालाही आता दशक उलटून गेलं.

मोबदला म्हणजे काय, ते एका कामापुरतं पाहू. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं. प्रत्येक भेटीत बाळाचं वजन, तापमान, नाळ, अंगावर फोड, आईला ताप आहे का, अंगावर पाजते का, हे सगळं पाहून अर्ज भरायचा. सहा भेटी पुऱ्या झाल्या की २५० रुपये. भेटीला बेचाळीस रुपयांच्याही आत. यात वस्तीवर जायचं रिक्षाभाडं धरलेलं नाही, मोबाइलवर तीच माहिती पुन्हा भरायचा वेळ धरलेला नाही, आणि ‘ताई, बाळ रडायचं थांबेना’ म्हणून रात्री आलेला फोन तर कुठल्याच रकान्यात बसत नाही.

इथे कुणी जामखेडचा दाखला देईल आणि तो देण्यासारखाही आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या दुष्काळी जामखेडला काम सुरू केलं. शिकलेल्या नर्सबाई खेड्यात टिकत नाहीत असं लक्षात आल्यावर त्यांनी गावाने निवडलेल्या बायका तयार केल्या. त्यांतल्या कितीतरी दलित, निरक्षर, नवऱ्याने टाकलेल्या. आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, सगळ्या जातींच्या एकत्र शिकायच्या, जेवायच्या, एका छताखाली झोपायच्या. ज्या बाईला गावात पाणवठ्यावर बाजूला उभं राहावं लागे तिने पाटलाच्या सुनेचं बाळंतपण केलं. या बायकांना संस्थेने पगारी नोकर केलं नाही, आणि त्यामागे विचार होता: तिची बांधिलकी गावाशी राहावी, पगार देणाऱ्याशी नव्हे. मॅगसेसे पुरस्काराने १९७९ मध्ये आरोळे दांपत्याचा गौरव झाला तो अशा कामासाठी.

मग आशाला पगार मागायचा काय हक्क, असा युक्तिवाद या उदाहरणावरून अधूनमधून केला जातो. तो आम्हाला मुळीच पटत नाही. जामखेडच्या बाईला संस्थेने पगार दिला नसेल, पण तिला उत्पन्नाची दुसरी साधनं मिळावीत म्हणून खटपट केली, आणि मुख्य म्हणजे तिच्या शब्दाला डॉक्टरांच्या बैठकीत वजन होतं. कोणती बाई जोखमीची, कोणत्या घरात मूल सुकतंय, हे ती सांगायची आणि डॉक्टर त्याप्रमाणे चालायचे. तिच्यावर वरून येणाऱ्या उद्दिष्टांचा, दर महिन्याच्या तक्त्यांचा, ‘माहिती आजच भरा’ अशा संदेशांचा मारा नव्हता. सरकारने आशाकडून नोकरासारखं काम घ्यायचं आणि मोबदल्याच्या वेळी तिला जामखेडची स्वयंसेविका म्हणायचं, ही चलाखी झाली.

बीडचं प्रकरणही या संदर्भात आठवायला हवं. ऊसतोड करणाऱ्या बायकांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रमाण भयावह असल्याची चर्चा २०१९ मध्ये राज्यभर झाली. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यांतल्या कित्येक तिशी-पस्तिशीच्या. पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो, उसाच्या फडात ना आडोसा ना पाणी. अंगावरून जातंय म्हणून खासगी दवाखान्यात गेलं की ‘पिशवी काढून टाका, कॅन्सर होईल’ अशी भीती. या गोष्टी गावातल्या कार्यकर्त्यांना, अंगणवाडी ताईंना, आशांना आधीपासून माहीत होत्या. त्यांनी सांगितल्याही होत्या. त्यांचं सांगणं नोंदवून घेण्याची जागा आरोग्य व्यवस्थेत नव्हती. बाळंतपणं किती झाली, लसी किती दिल्या, गोळ्या किती वाटल्या याचे रकाने आहेत. ‘तुझ्या गावात तुला काय खटकतं’ असा रकाना नाही.

महाराष्ट्राने मातामृत्यू खरोखर कमी करून दाखवले आहेत. २०१८ ते २०२० या काळातल्या नमुना नोंदणीनुसार आपलं प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे ३३ होतं. देशाचं ९७, आणि आपल्या पुढे एकटं केरळ. या यशाचं श्रेय घ्यायला व्यासपीठावर गर्दी असते आणि ते श्रेय काही प्रमाणात सगळ्यांचंच आहे. पण त्याच सुमाराच्या कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या ५४.२ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. आधीच्या पाहणीत हा आकडा ४८ होता. बाळंतपणातून बाई वाचवायला आपण शिकलो. एरवी ती कशी जगते, इकडे आपलं अजून लक्ष गेलेलं नाही. शस्त्रक्रियागृह, रक्तपेढी, १०८ची गाडी यांनी पहिलं काम होतं. दुसऱ्यासाठी रोज घरात शिरकाव असलेली, बाईच्या ताटात काय पडतं हे पाहू शकणारी आणि सासूला दोन शब्द सुनावण्याची पत असलेली माणसं लागतात. ती पत सरकारी टोपणनावाने येत नाही.

राहता राहिला तो विसरलेला ५ मे. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने प्रसाविका सेवेची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. नोंदणीकृत परिचारिकेला अठरा महिन्यांचं खास प्रशिक्षण द्यायचं आणि मग साधी, विनागुंतागुंतीची बाळंतपणं तिने स्वतःच्या जबाबदारीवर करायची. गरज पडली तर डॉक्टरला बोलवायचं. तेलंगणाने त्याआधीच, २०१७ मध्ये, करीमनगरला हैदराबादच्या फर्नांडिस रुग्णालयाच्या मदतीने हे प्रशिक्षण सुरू केलं होतं. ज्या देशात खासगी रुग्णालयांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियनने होतात, तिथे कळा देणाऱ्या बाईच्या शेजारी बसून राहायला, तिची पाठ चोळायला, तिला उठवून फिरवायला आणि घाई न करायला शिकलेली तज्ज्ञ बाई असणं ही चैन नव्हे. २०२३ मध्ये परिचर्या व प्रसाविका आयोगाचा नवा कायदाही संसदेने केला. १९४७ चा कायदा त्याने मोडीत काढला. कागदावर म्हणाल तर प्रसाविकेला आता नाव आहे, अभ्यासक्रम आहे, कायदाही आहे.

प्रसूतिगृहात मात्र जुनीच रीत चालते. प्राथमिक आरोग्य केंद्रात मध्यरात्री बाळंतपण सिस्टरच करतात. गर्भाशयमुख किती उघडलं, बाळाचे ठोके किती, वार पूर्ण पडली का, रक्तस्राव किती, हे त्याच पाहतात, रजिस्टरमध्ये त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं असतं. सकाळी खाली सही डॉक्टरांची होते. आणि सहा महिने, वर्षभर प्रसूतिगृहात मुरलेल्या सिस्टरचं नाव पाळीपाळीने डोळ्यांच्या विभागात, नाही तर बाह्यरुग्ण कक्षात टाकलं जातं, कारण ‘सगळ्यांना सगळं यायला हवं’. शल्यचिकित्सकाला कुणी कधी सहा महिन्यांनी त्वचारोग विभागात बसवत नाही. सिस्टरच्या हातातलं कौशल्य मात्र कुठेही हलवता येणाऱ्या खाटेसारखं धरलं जातं.

ही रीत बदलायला नवा निधी लागत नाही, दिल्लीहून आदेश यायची वाट पाहावी लागत नाही. प्रसूतिशास्त्रात विशेष प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकेला प्रसूतिगृहातच ठेवायचं, तिने केलेल्या बाळंतपणाच्या नोंदीखाली तिचीच सही असू द्यायची आणि नव्या मुलींना शिकवायचं काम तिच्याकडे सोपवायचं, एवढं जिल्हा शल्यचिकित्सक आणि मेट्रन यांनी मिळून ठरवलं तरी पुरतं. राज्याच्या कायद्याप्रमाणे सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात. कुठल्या सिस्टरला कुठे पाठवायचं याच्या याद्या परिचारिका दिनाच्या आसपासच टेबलावर असतात.